नऊ वर्षं चार महिने

गावभाग
मंगळवार, रात्री १०:५०

मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

परवा लेक कॉलेजातून ब्रेडबोर्ड घेऊन आली. वालचंदला इलेक्ट्रॉनिक्सला आहे, तिसरं वर्ष. मीही तिथलीच, १९९६ ची. टेबलावर रेझिस्टर पसरलेले आणि ही एकेकाचा फोटो काढून, रंगांच्या पट्ट्यांवरून तो किती ओहमचा ते शोधत बसलेली. मी मेथी निवडता निवडता म्हटलं, "तपकिरी, काळा, लाल. एक के आहे तो." तिने मीटर लावून बघितलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही भाजीवाल्या मावशी एकदम जर्मन बोलायला लागल्या. पुढे तिने लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम दाखवला, तिथे मात्र माझी गाडी बंद पडली. रंग पाठ आहेत, पुढचं काही नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून जुनी फाईल काढली. २०१९ च्या पुरात भिजलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. अनुभवाच्या दाखल्यावरची शाई पसरून कंपनीचं नावच वाचता येत नाही. पण पीएफ काढला त्याचा कागद शाबूत निघाला. नोकरी लागली जुलै १९९७ ला, पुण्यात. राजीनामा नोव्हेंबर २००६. नऊ वर्षं चार महिने.

लेक मार्च २००६ ची. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती. नंतर आई येऊन राहिली तीन महिने. मग एक बाई ठेवली, ती गणपतीला गावी गेली ती परत आलीच नाही. पाळणाघरात घातली तर दर पंधरा दिवसांनी ताप. त्यातच ह्यांनी कुपवाडला वर्कशॉप टाकायचं ठरवलं आणि आम्ही सांगलीला आलो. सगळेच म्हणाले, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मीही म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर इथे लगेच सासूबाईंना झोडपायला सुरुवात होईल.

पीएफचे १ लाख ८७ हजार आले. त्यात ग्रॅच्युइटी घालून वरच्या मजल्याचा स्लॅब पडला. घर तेव्हा सासऱ्यांच्या नावावर, आता ह्यांच्या आणि दिरांच्या. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला गेला आणि अकरा माणसं, वर शेजारच्यांची मांजर, सगळी माझ्या पीएफवर झोपली. त्यामुळे पैसे वाया गेले असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

पश्चात्ताप होतो का, हे विचारू नका. दिवसावर आहे ते. मला विचारायचंय वेगळंच. सोडताना तुमच्यापैकी कुणी हिशोब केला होता का? आणि 'दोन वर्षांसाठी' म्हणून सोडलेला विषय दोन वर्षांनी घरात परत कुणी काढला का? आमच्याकडे नाही काढला. मीसुद्धा नाही.

———

कंदीपेढा
मंगळवार, रात्री ११:२०

मी सोडली नाही, त्यामुळे दुसरी बाजू लिहिते. साताऱ्याची, झेडपी शिक्षिका, २००० ला लागले. शाळा पाटण तालुक्यात डोंगरात. थोरला तीन महिन्यांचा असताना आईकडे ठेवून पहाटेची एसटी धरायची. दुसऱ्या तासाला दूध भरून यायचं. शाळेमागच्या मोरीत पिळून टाकायचं आणि वर पदर नीट घेऊन परत फळ्यापुढे. दुष्काळी भागातली आहे मी, माहेर माण. दूध मोरीत जाताना बघवायचं नाही.

राज्य सरकारने बालसंगोपन रजा दिली १८० दिवसांची, ती २०१८ ला. तोवर माझा दहावीच्या पुढे गेला होता.

माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण २००४ ला राजीनामा देऊन मोकळी झाली. पुढे तिला परत यायचं होतं. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद, २०१२ नंतर भरती ठप्प, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. तिने सोडलं तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मागून कुणीकुणी कुलपं घालत गेलं.

तरी सांगते, ती माझ्याकडे बघून हळहळते आणि मी तिच्याकडे. तिच्या पोरांना आईच्या हातचं गरम खायला मिळालं. माझा मुलगा अजून आजीलाच 'आई' म्हणतो, मला 'मम्मी'.

———

शेरीनाला
बुधवार, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी रडगाणं. मुलं मग वाढवायची कुणी? पाळणाघरातल्या बाईनं? आमच्या मंडळींनी पतसंस्थेतली नोकरी सोडली, दोन्ही पोरं मार्गाला लागली. पैसा म्हणजे सगळं नसतं. घरात कधी कुणाला काही कमी पडलं नाही.

———

तासगावकरीण
बुधवार, सकाळी ७:४०

@शेरीनाला, 'कमी पडलं नाही' हे तुम्ही लिहिलंत. त्यांना लिहू द्या की एकदा.

———

निवृत्त_लेखापाल
बुधवार, सकाळी ९:१५

साखर कारखान्यात ३४ वर्षं पगारपत्रकं केली, त्यामुळे राहवत नाही.

गावभाग ताई, तुमचा आकडा वाचून चहा गार झाला. पीएफमध्ये मालकाचा जो हिस्सा येतो त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. पेन्शनीला किमान १० वर्षं सेवा लागते. पण सहा महिने किंवा त्याच्या वर झाले की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊला दहा. तुमचे नऊ वर्षं चार महिने. दोन महिने थांबला असतात तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन बसत होती.

आणि न थांबतासुद्धा मार्ग होता. राजीनाम्यानंतर १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती सेवा पुसली जाते. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. ते घेतलं की नऊ वर्षं जमा राहतात आणि पुढे कुठेही पीएफ असलेल्या ठिकाणी लागलात की तिथून मोजणी चालू. मी स्वतः शेकडो बायकांचे १०-सी भरून दिलेत. खरं सांगायचं तर बहुतेकींना सर्टिफिकेटचं सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि लोकांना पैसे हवे असायचे. आज लिहिताना ते बरं वाटत नाही.

———

विलिंग्डनचा
बुधवार, सकाळी ९:५०

पण काका, ही पेन्शन बसली असती तर किती?

———

निवृत्त_लेखापाल
बुधवार, सकाळी १०:१०

त्या काळची पगाराची मर्यादा ६५०० धरा. गुणिले १० वर्षं, भागिले ७०. नऊशे अठ्ठावीस. २०१४ पासून किमान हजार केलेत, म्हणून हजार. हजारात काय येतं म्हणाल तर एक सिलिंडर येतो. पण स्वतःच्या खात्यात येतो.

खरा तोटा पेन्शनीचा नाहीच. १ लाख ८७ हजार ८ टक्क्यांनी कुठेही पडून राहिले असते तर नऊ वर्षांत दुप्पट, अठरा वर्षांत चौपट. म्हणजे साडेसात लाखांच्या आसपास. आणि हे नुसत्या साठलेल्याचं. पुढच्या १९ वर्षांचा पगार, त्यावरचा पीएफ, त्याचं व्याज, हे मी मुद्दाम मांडत नाही.

———

गावभाग
बुधवार, दुपारी २:३०

काका, मांडू नकाच.

१०-सी आठवतोय. ह्यांच्या मित्राच्या ऑफिसात बसून सही केली होती. लेक मांडीवर होती, तिने पेन ओढलं म्हणून सही वाकडी आली आणि दुसरा फॉर्म भरावा लागला. दोनदा सही केली त्यावर. एकदाही वाचला नाही.

२०१५ ते २०१८ मी एका पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर शिकवलं. मुलं हुशार होती, मला आवडायचं. पीएफ वगैरे काही नाही, दिवाळीची सुट्टी बिनपगारी, मानधन सहा-सहा महिन्यांनी. २०१९ ला मिरजेच्या एका कारखान्यात मुलाखतीला बोलावलं. समोरचा मुलगा असेल तिशीचा. "मॅडम, मधली वर्षं?" म्हणाला. मी सांगितलं, दोन मुलं, सासऱ्यांचं अर्धांगवायूचं दुखणं पाच वर्षं, वर्कशॉपची बिलं आणि जीएसटी मीच बघते. तो मान हलवत होता, आणि कागदावर त्याने लिहिलं 'गॅप'. इतकंच. आठवड्यात पूर आला आणि तो विषयही वाहून गेला.

———

मिरजेची
बुधवार, दुपारी ३:१०

मी नर्स. चार वर्षांची गॅप घेऊन परत आले. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे नोकरी मिळाली, ते एक बरं. पगार मात्र नवशिक्या पोरींच्या बरोबरीने सुरू केला. ज्या मुलीला मी शीर शोधायला शिकवलं होतं ती आता माझी इन्चार्ज. पहिल्या दिवशी "ताई, तुम्ही बसा, मी करते" म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तिसऱ्या दिवशी लहान बाळाला सलाईन लावायचं होतं, शीर कुणाला सापडेना. मला सापडली. मग बसा म्हणायचं बंद झालं.

———

उसाचं_रान
बुधवार, सायंकाळी ६:००

थोडं अवांतर. करिअर सोडायची चर्चा वाचून बरं वाटलं, पण आमच्या फडात बीडकडनं टोळ्या येतात, त्या बायका मूल उसाच्या पाचटावर झोपवून मोळ्या बांधतात. माझी आजी हळदीच्या वखारीत निवडायला जायची, आईला पाठीला बांधून. त्यांना सोडायला काही नव्हतंच. पाळणाघर नाही म्हणून काम सुटत नाही तिथं, मूल मातीत बसतं.

भांडायला आलो नाही. फक्त म्हटलं, हेही सांगलीच.

———

कंदीपेढा
बुधवार, सायंकाळी ६:२५

अवांतर कसलं, हेच मूळ आहे. माझ्या वर्गात साखरशाळेतून आलेली मुलगी होती. धाकट्याला कडेवर घेऊनच बसायची. ती नऊ वर्षांची. आईचं करिअर राहो, तिची शाळा सुटायची.

———

विलिंग्डनचा
बुधवार, रात्री ८:४५

अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते याच विषयावरच्या कामाला. अमेरिकेतली दोनशे वर्षांची आकडेवारी त्यांनी चाळली. एकाच पेशातल्या बाई-पुरुषांच्या कमाईतलं अंतर मुख्यतः पहिलं मूल झाल्यापासून वाढत जातं आणि पुढे भरून येत नाही, असं त्यातून दिसलं. आपल्याकडचा आकडा हवा असेल तर २०१९ ची सरकारी वेळ-वापर पाहणी बघा. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७.

———

तासगावकरीण
बुधवार, रात्री ८:५२

९७? कुठल्या घरातले हो हे? पत्ता द्या.

———

कोर्टाची_पायरी
बुधवार, रात्री १०:३०

वकील आहे, अपघात नुकसानभरपाईचे दावे चालवते. गृहिणीच्या कामाची किंमत लावणारी एक जागा मला माहीत आहे, पण तिथे पोहोचायला बाईला आधी मरावं लागतं.

१९८९ ला जमशेदपूरला एका समारंभात आग लागली, बरीच माणसं गेली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या घरातल्या सेवेचं मोल महिना ३००० रुपये धरलं. नंतरच्या निकालांत ते वाढत गेलं, २०२१ च्या जानेवारीत तर न्यायालयाने बरंच सविस्तर लिहिलं की हे काम म्हणजे उत्पन्नच आहे. मी दर वेळी साक्षीत नवऱ्याला विचारते, "त्या काय काय करायच्या?" माणूस सांगायला लागतो आणि मध्येच थांबतो. यादी संपत नाही, हे त्याला पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कळतं.

पोटगीच्या बाबतीत नोव्हेंबर २०२० चा एक निकाल उपयोगी आहे. मुलांसाठी नोकरी सोडली ही गोष्ट रक्कम ठरवताना बघायची, असं त्यात आहे. पण त्यासाठी नोकरी होती याचा कागद लागतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांकडे नेमणूकपत्रसुद्धा नसतं. पुरात गेलं, माहेरी राहिलं, रद्दीत गेलं.

गावभाग, घरावर नाव नाही म्हणालात. स्लॅबचे पैसे तुमच्या खात्यातून चेकने गेले होते की रोख?

———

गावभाग
बुधवार, रात्री ११:०५

रोख. सिमेंटवाल्याला मीच मोजून दिले. पावती ह्यांच्या नावाची.

———

कंदीपेढा
बुधवार, रात्री ११:३०

आम्ही रयतच्या शाळेत शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, हे आम्हाला पहिलीपासून पाठ. तुमचा स्लॅब वाचून तेच आठवलं. बाईचं सोनं काय, पीएफ काय, शेवटी भिंतीत जातो. लक्ष्मीबाईंचं नाव निदान आम्हाला शिकवलं तरी.

———

दिवाबत्ती
गुरुवार, सकाळी ८:१५

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय. माहेर सांगलीत, विश्रामबागला. पुण्यात आयटीत आहे, वय २९, पाचवा महिना चालू. या कंपनीत चार वर्षं पाच महिने झाले. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आईची अजून नोकरी. कंपनीत ५० च्या वर माणसं, म्हणजे २०१७ पासून कायद्याने पाळणाघर हवं. आहे. बंद दार, आत जुने मॉनिटर ठेवलेत.

नवरा म्हणतो, तू ठरव, माझा पाठिंबा आहे. हा पाठिंबा मला कळतच नाही. तो सोडणार का, हा प्रश्न घरात कुणाच्या तोंडात आलाच नाही, माझ्यासुद्धा. पुढच्या महिन्यात राजीनामा द्यावा असं मनात होतं, म्हणजे शांतपणे सातव्या महिन्यात माहेरी. गावभाग मावशी, तुम्ही असता तर काय केलं असतं?

———

निवृत्त_लेखापाल
गुरुवार, सकाळी ८:४०

मावशींच्या आधी मी लिहितो. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊ नका.

दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यासाठी मागच्या वर्षभरात ८० दिवस काम लागतं, ते तुमचं झालंय. आधीच राजीनामा दिलात तर सहा महिन्यांचा पगार स्वतःच्या हाताने परत केल्यासारखं आहे. दुसरं, ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात आणि बाळंतपणाची रजा त्या सेवेत धरली जाते. आज चार वर्षं पाच महिने, बाळंतपणापर्यंत चार-नऊ, रजा संपेपर्यंत पाचच्या वर. सोडायचीच असेल तर तेव्हा सोडा.

पेन्शनीचं तुम्हाला बहुधा लागू नाही. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच लागलेल्यांचा पगार १५ हजारांच्या वर असेल तर ते पेन्शन योजनेत येत नाहीत, सगळं पीएफमध्येच जातं. पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बघा, शून्य असेल. पण तो पीएफ काढायचा नाही. फ्लॅटसाठी नाही, गाडीसाठी नाही.

———

शेरीनाला
गुरुवार, सकाळी ९:३०

म्हणजे कंपनीला टोपी घालायची की. रजा घ्यायची आणि मग सोडायची.

———

मिरजेची
गुरुवार, सकाळी ९:४१

सहा महिन्यांनी तिला परत जावंसं वाटेल, कुणी सांगितलं वाटणार नाही? आज पाचव्या महिन्यात मळमळ होत असताना पुढच्या वीस वर्षांचं ठरवायला लावताय होय तिला?

———

गावभाग
गुरुवार, दुपारी १:२०

दिवाबत्ती, 'तुम्ही असता तर' याचं उत्तर खोटं निघेल. मी २००६ ला जशी होते तशी असते तर परत तेच केलं असतं. लेकीचा ताप १०३ ला असताना मीटिंगमध्ये बसलेली मी मला अजून आठवते. त्या बाईला आज पीएफचे नियम सांगून काय उपयोग?

पण तुला सांगता येईल. काका म्हणतात तशी रजा पूर्ण घे. पुढे सोडलीसच, तर कॅलेंडरवर तारीख घाल आणि त्या दिवशी नवऱ्यासमोर बसून विषय परत काढ. मूल बोलायला लागलं की, नाहीतर बालवाडीत गेलं की, तुला हवी ती. आमच्याकडे ती तारीखच नव्हती, त्यामुळे कुणी माझं काही हिसकावून घेतलं असंही झालं नाही. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करावा तसं रोज काहीतरी असायचं. एक दिवस बघितलं तर लेक माझ्या उंचीची.

काल रात्री ह्यांना हा धागा वाचायला दिला. चष्मा लावून सगळा वाचला. सिमेंटच्या पावतीपाशी थांबले. म्हणाले, "मला वाटायचं तुझ्या बाबांनी दिले होते ते पैसे." एकोणीस वर्षं त्यांना तसंच वाटत होतं. मला हसू आलं आणि मग आलं नाही. आज सकाळी वर्कशॉपला जाताना विचारत होते, बिलांचं आणि जीएसटीचं काम मी बघते त्याचा पगार लावायचा तर वहीत कसा दाखवायचा. म्हटलं, सीएला विचारा.

———

शेरीनाला
गुरुवार, रात्री ९:५०

काका, एक विचारायचं होतं. मंडळींच्या नावाने पीपीएफ उघडलं आणि पैसे मी भरले तर टॅक्सचं काय? वय ४८ आहे त्यांचं.

———

निवृत्त_लेखापाल
गुरुवार, रात्री १०:०५

व्याज करमुक्त आहे, त्यामुळे तुमच्या उत्पन्नात धरलं तरी कर पडत नाही. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतं, मुदत १५ वर्षं. व्याज सध्या ७.१. पोस्टात उघडा किंवा बँकेत, दोन्हीकडे चालतं. पासबुक मात्र त्यांच्याच कपाटात राहू द्या.

———

दिवाबत्ती
शुक्रवार, सकाळी ७:५५

पासबुक बघितलं. पेन्शनच्या रकान्यात खरंच शून्य. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये होता, तो तिथेच ठेवलाय, पुसला नाही.

एचआरला पाळणाघराचं विचारलं. "तुम्हाला केव्हापासून लागेल?" म्हणाली. म्हटलं, मॉनिटर हलवायला किती दिवस लागतात?

———

गावभाग
शुक्रवार, सकाळी ८:१०

लेखी विचार. मेलवर. आणि नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, सगळ्यांची एक प्रत इकडे विश्रामबागला आईकडे ठेव. खालच्या कपाटात नको, माळ्यावर.